ग्रेट सर्कल मॅपर: अंतर इथे बघा, वेळ वेळापत्रकात

नात्यातल्या वयस्कर मंडळींची विमानाची तिकिटं मीच काढून देते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती तास बसायचंय?" त्याचं उत्तर शोधताना ग्रेट सर्कल मॅपर ही वेबसाइट सापडली. आता तिच्याशिवाय माझं पान हलत नाही.

चौकटीत दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे, मध्ये आडवी रेघ. नकाशावर रेषा उमटते, खाली अंतर येतं. एकक मैल असतं, ते किलोमीटर करून घ्या. न्यूयॉर्कचा जेएफके ते लंडनचा हीथ्रो सुमारे ५,५५० किमी. रेषा वाकडी दिसली तरी बिचकू नका, पृथ्वीच्या गोलावर तीच सगळ्यात जवळची वाट.

मला ही साइट आवडते, कारण वेळेचा आकडा ती आपणहून माथी मारत नाही. बाकीच्या कितीतरी साइट अंतराला ताशी ८०० किमीने भागतात, वर अर्धा तास टाकतात आणि झाला प्रवासाचा वेळ! त्या हिशेबाने न्यूयॉर्क-लंडन जाताना नि येताना सारखंच. प्रत्यक्षात लंडनकडे जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, पाठीशी असतो, साधारण सात तास लागतात. परतीला तोच वारा समोरून, की आठ तास. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

हेलसिंकी-टोकियो टाकून बघा. सुमारे ७,८०० किमीची रेषा बहुतेक सगळी रशियावरून जाते. २०२२ पासून युरोपीय विमान कंपन्यांना ते आकाश बंद आहे, त्यामुळे फिनलंडच्या फिनएअर कंपनीला लांबचा वळसा पडतो आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. रेषा कुठल्या देशांवरून जाते ते म्हणूनच नीट बघून घ्यावं.

वेळ बघायची ती विमान कंपनीच्या त्या तारखेच्या वेळापत्रकात. ती गेटपासून गेटपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंत रेंगाळणंही त्यात आलं. सुटायची नि पोचायची वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, नुसती वजाबाकी करू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडते ती मधला थांबा टाकायची सोय. पर्थ-लंडन थेट सुमारे १४,५०० किमी, सतरा तास एका जागी. मध्ये सिंगापूर घातलं तर अंतर जेमतेम ३०० किमीने वाढतं. गुडघे धरणाऱ्या माणसाला मी हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवते. वाट फार वाकडी होत नाही हे पटलं की थांब्याला नाही म्हणत नाहीत. मग पाय मोकळे करायला तीन-चार तास मिळतील असं तिकीट मी शोधते.