फोन अडला, कॉम्प्युटर रुसला: मुंबईत मदत कोणाची घ्यावी?

गिरगावातल्या माझ्या वन्संचा परवा फोन आला. लँडलाइनवरून, कारण मोबाइल चार्जच होत नव्हता. शिवाय कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. आणि यंदा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून करायचा, असं कोणीतरी डोक्यात घातल्यामुळे आतापासूनच धास्ती. "वहिनी, तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं. तुम्ही कोणाला बोलावता?"

मला एक नाव सांगता येईना. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत मी बहुतेक सगळे प्रकार करून बघितलेत: मुलगा, भाचा, मुलुंडच्या आमच्या नाक्यावरचा मोबाइलवाला, कंपनीचं सर्व्हिस सेंटर, घरी येणारा कॉम्प्युटरवाला, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्ग आणि शेवटी शेजारच्या इमारतीतली कॉलेजात जाणारी मुलगी. लोक यांची तुलना पैशांवरून आणि हुशारीवरून करतात. मी आता दोनच गोष्टी बघते. काम होईपर्यंत माझ्या फोनमधलं काय काय त्या माणसाच्या हातात जातं? आणि तो माणूस गेल्यावर मला काही येतं का?

घरचं माणूस

पैसे नाहीत, विश्वासाचा प्रश्न नाही. तरी हा सगळ्यांत महाग पर्याय ठरू शकतो. भाचा सणावारी डोंबिवलीहून येतो. "दे मावशी इकडे" म्हणतो, अंगठा सपासप फिरवतो आणि दहा सेकंदांत काम करून फोन परत देतो. त्याने काय केलं ते मला दिसतही नाही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा उभा. मग आपण बिचकत विचारतो आणि तिकडून वाक्य येतं, "मागच्या वेळी सांगितलं होतं ना?" त्या वाक्यानंतर माणूस विचारणंच सोडतो. मी चार महिने फोनवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले नव्हते, त्याचं कारण तांत्रिक नव्हतं.

मुलगा बंगळूरला असतो. त्याच्याबरोबर मात्र एक पद्धत बसली. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून आपला स्क्रीन समोरच्याला दाखवता येतो. त्याला माझा स्क्रीन दिसतो, पण तो तिथून काही दाबू शकत नाही. बोट माझंच. दहा सेकंदांच्या कामाला चाळीस मिनिटं लागतात आणि दोघांची चिडचिड होते, पण पुढच्या वेळी ते काम मी एकटी करते. एक लक्षात ठेवायचं: स्क्रीन दाखवत असताना वर येणारे मेसेजही पलीकडे दिसतात, ओटीपीसुद्धा. मुलाला दिसला तर दिसला. दुसऱ्या कोणाला स्क्रीन दाखवायचा नाही.

कॉम्प्युटरसाठी विंडोजमध्येच क्विक असिस्ट नावाची सोय असते. मुलगा कोड सांगतो, मी तो टाकते, आणि मी परवानगी दिली की तो बंगळूरहून माझा माउस हलवतो. सोय फार छान, आणि तितकीच धोक्याची. भामटेही नेमकं हेच मागतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये, दुसऱ्याचा फोन दुरून चालवू देणाऱ्या एनीडेस्क या ॲपच्या नावासकट बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, कित्येक ऑफिसांत रोज वापरतात. प्रश्न एवढाच, की पलीकडे कोण आहे?

"मी स्वतः फोन लावला होता, त्यांनी नव्हता केला," असं आमच्या इमारतीतल्या एका काकांनी फसल्यानंतर सांगितलं होतं. खरंच होतं ते. पण नंबर त्यांनी गूगलवर कस्टमर केअर असं शोधून काढला होता. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो घ्यावा. टीव्ही-फ्रिजचा बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर असतो. शोधून काढलेल्या नंबरावरची मदत ही या सगळ्या तुलनेत मी धरतच नाही.

नाक्यावरचं दुकान की सर्व्हिस सेंटर?

फोन वॉरंटीत असेल तर विचार करायचा नाही. बिल घ्यायचं आणि कंपनीच्या सेंटरला जायचं. बाहेर उघडलेला फोन कंपनी नाकारू शकते.

वॉरंटी संपली असेल तर मात्र मजा आहे. वन्संचं चार्जिंगचंच घ्या. दहांतल्या निम्म्या वेळा तरी चार्जिंगच्या भोकात पर्समधले कापसाचे तंतू आणि धूळ दाबून बसलेली असते. हा आपला माझा अनुभव, आकडेवारी नव्हे. नाक्यावरचा मुलगा भिंगाखाली धरतो, सुईने कचरा काढतो आणि पाच मिनिटांत फोन हातात देतो. ओळखीचा असेल तर पैसेही घेत नाही. सेंटरमध्ये याच कामाला टोकन, रांग आणि एक फॉर्म. फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की डेटा गेला तर जबाबदारी तुमची. ते वाचून सही करावी, कारण सॉफ्टवेअरची तक्रार असली की तिथे पुष्कळदा फोन कोरा करून देतात. जाण्याआधी फोटोंची दुसरी प्रत करून ठेवायलाच हवी.

डिस्प्ले फुटला तर उलटं. दुकानदार दोन-तीन भाव सांगतो, ओरिजिनल, मग कॉपी, मग त्याहून स्वस्त. आपल्याला डोळ्यांनी फरक कळत नाही. गॅरंटी विचारली की म्हणतो, "टेस्टिंगची." म्हणजे काउंटरवर चालला की विषय संपला. सेंटरमध्ये भाव जास्त, पण सुट्या भागाची वॉरंटी लेखी मिळते. जुन्या, दोन वर्षांत बदलायच्याच फोनला मी कॉपी बसवते. चांगल्या फोनला नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एका दुकानात बॅटरी बदलायला फोन दिला होता. मुलाने पिन विचारला, मी सांगितला, त्याने तो एका चिकटपट्टीवर लिहून फोनच्या पाठीला लावला. दोन दिवस माझा फोन पिनासकट काउंटरवरच्या ट्रेमध्ये पडून होता. त्यात बँक होती, पेन्शन होती, सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो होते. काही झालं नाही. पण झालं असतं तर मी कोणाला काय सांगणार होते?

तेव्हापासून सिम आणि मेमरी कार्ड काढून घेते आणि फोन मेंटेनन्स मोडवर टाकून देते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत सेटिंग्जमध्ये डिव्हाइस केअरच्या पानावर हा असतो. पिक्सेलमध्ये त्याला रिपेअर मोड म्हणतात. तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला फोन वापरून बघता येतो, पण आपले फोटो, मेसेज, ॲप काही दिसत नाही. पिन द्यावाच लागत नाही. ज्या फोनात ही सोय नाही, तो मी समोर उभी राहून दुरुस्त करून घेते. "संध्याकाळी या" म्हणाले की "संध्याकाळीच आणते" म्हणते.

आयफोनवाल्यांसाठी एक ओळ: बीकेसीतलं ॲपलचं दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडलं, तिथे फोन वापरायला शिकवणारे वर्ग फुकट असतात, आधी नाव नोंदवून जायचं. आमच्याकडे आयफोन नाही.

कॉम्प्युटर: लॅमिंग्टन रोड की घरी येणारा?

लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. ग्रँट रोड स्टेशनातून उतरलं की पाच-दहा मिनिटांत पोचतो, आणि मुंबईत कॉम्प्युटरचा कुठलाही भाग मिळायचा असेल तर तिथे. भाव चार दुकानांत विचारता येतो. अडचण अशी, की तिथे गिऱ्हाईकाला आपल्याला काय हवंय ते आधीपासून माहीत असावं लागतं. "हळू चालतो हो" असं सांगितलं तर समोरचा नवीनच घ्यायला सांगणार.

घरी येणारा कॉम्प्युटरवाला यायचेच पैसे घेतो आणि त्याचं एकच औषध: "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. सर्दीला, पोटदुखीला, सगळ्याला तेच. मारू द्यायचा नाही असं नाही, पण आधी विचारा: फाइलींची प्रत कुठे ठेवणार? आणि टाकणार ते विंडोज लायसन्सचं आहे का? दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण हसतात. तिथेच थांबावं.

जुना कॉम्प्युटर हळू असण्याचं कारण बहुतेकदा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली की तोच डबा ओळखू येत नाही. पण इथे एक मेख आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ फार जुन्या मशीनवर रीतसर चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर खर्च करण्याआधी, त्यावर बँक बघायची आहे की फक्त फोटो आणि नाट्यगीतं, हे ठरवावं. नाट्यगीतांना एसएसडी पुरते.

वाय-फाय आणि प्रिंटर यांना मात्र घरी येणाराच हवा, कारण दुखणं घरातच असतं. आमचा प्रिंटर राउटर बदलल्यावर मुका झाला. दोघे येऊन पैसे घेऊन गेले. तिसऱ्याने सांगितलं, प्रिंटरला जुन्याच वाय-फायचं नाव पाठ आहे. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, प्रिंटर बोलायला लागला. राउटर बदलताना हे आधीच करून घ्या. तिसऱ्याचा नंबर मी जपून ठेवलाय.

वर्ग की शिकवणी?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला मोबाइल वर्ग असतो. वीस जण, वीस तऱ्हेचे फोन. सर म्हणतात "वर उजवीकडे तीन टिंबं दिसतील", आणि निम्म्यांच्या फोनवर ती खाली असतात. तरी मी जाते. दुसऱ्यालाही जमत नाही हे बघून धीर येतो आणि फसवणुकीच्या नव्या तऱ्हा तिथेच सगळ्यांत आधी कळतात. काहीजण एमएस-सीआयटी करायला सांगतात. राज्यात २००१ पासून चालू असलेला तो अभ्यासक्रम नोकरीला लागणाऱ्यांसाठी ठीक आहे. नातवाला फोटो पाठवायला एवढा मोठा घाट नको.

माझं पारडं शिकवणीकडे झुकतं. शेजारच्या इमारतीतली बी.कॉम.ची मुलगी शनिवारी तासभर येते, तासाला ३०० रुपये. पहिल्या दिवशी मी दोन अटी घातल्या: फोन माझ्या हातातून घ्यायचा नाही, आणि बँकेचं ॲप उघडलं की खिडकीबाहेर बघायचं. तिने तिसरी घातली: मी सगळं वहीत लिहायचं. घरच्यांना विचारताना जो संकोच वाटतो तो इथे वाटत नाही. पैसे दिलेत, सहाव्यांदा विचारीन. अशी मुलगी आसपास नसेल तर सोबतीचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. २०२२ मध्ये रतन टाटांच्या पाठबळावर मुंबईत सुरू झालेली गुडफेलोज ही त्यातली एक, तरुण मुलं ज्येष्ठांकडे येऊन बसतात, बोलतात, फोनही शिकवतात. महिन्याची वर्गणी असते, म्हणून फक्त फोनसाठी ती घेऊ नये, सोबतही हवी असेल तर घ्यावी.

फोनमधल्या एआयला मराठीत बोलून विचारणं हा नवा पर्याय. इंग्रजीत काही सूचना आली की तिचा अर्थ तो छान सांगतो, रात्री अकरालाही. बटण कुठे आहे ते मात्र पुष्कळदा आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो. खाते क्रमांक दिसणारा फोटो त्याला दाखवू नये.

वन्संना काय सांगितलं

चार्जिंगसाठी चाळीखालचा मोबाइलवाला, समोर उभं राहून. कॉम्प्युटरवर त्या फक्त पत्रिका टाइप करतात आणि गाणी ऐकतात, म्हणून त्याला एसएसडी. लॅमिंग्टन रोड त्यांना हाकेच्या अंतरावर आहे, रविवार सोडून माझ्या भाच्याला बरोबर न्यायचं. हयातीचा दाखला शिकायचाच नाही. चेहरा दाखवून करायची सोय २०२१ पासून आहे खरी, पण तिला दोन ॲप लागतात आणि काम वर्षातून एकदा. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कोणाच्या लक्षात राहतंय? पोस्टमन घरी येऊन करून देतो, त्याला सांगावं, नाहीतर बँकेत जावं. आणि कार्डामागचा बँकेचा नंबर व १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून लँडलाइनशेजारी चिकटवायचा. पैसे गेल्याचं कळलं की आधी ते दोन फोन, मग मुलाला. बहुतेक जण उलट करतात आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती तुमची मुलगी गिरगावात येईल का हो?"

विचारते म्हटलं. अजून विचारलेलं नाही. तिला शनिवारच मोकळा असतो.