गुरुद्वारा परिसर आणि भोवतालचे रस्ते : नांदेडच्या पुनर्विकासाचे परीक्षण

गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या घटनेचा, म्हणजे गुरु-ता-गद्दीचा, त्रिशताब्दी सोहळा २००८ मध्ये नांदेडला झाला. त्यासाठी केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरासाठी मोठा निधी आला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याभोवतीची दाटी मोकळी करण्यात आली, गोदावरीकाठच्या घाटांची कामे झाली आणि शहरातील प्रमुख रस्ते नव्याने आखले गेले. सोहळ्याच्या दिवसांत या कामांचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु एवढ्या मोठ्या पुनर्विकासाची पारख वर्षानुवर्षांच्या वापरातून होते, आणि ती गुरुद्वाऱ्याच्या प्रवेशद्वारापेक्षा भोवतालच्या गल्ल्यांच्या तोंडाशी अधिक नेमकी होते, असे या भागात नेहमी पायी फिरणारा नांदेडकर म्हणून माझे मत आहे.

मुख्य परिसराविषयी उणे सांगावे असे थोडेच आहे. वास्तू लांबून नजरेत भरते, आणि संध्याकाळी पंजाबातून आलेले यात्रेकरू व शहरातील कुटुंबे एकाच मोकळ्या जागेत निवांत बसलेली दिसतात. दुपारची सावली मात्र अपुरी आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात फरसबंदीच्या आधी झाडांचा विचार व्हायला हवा होता.

या पुनर्विकासातील सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते रस्त्यांचा आराखडा ही होय. दिल्ली हाटचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेव यांच्या संस्थेने नांदेडच्या रस्त्यांची रचना केली, आणि त्या काळी मराठवाड्यात कोठेही न दिसणारा विचार तीत होता. वाहनांचा रस्ता आणि पदपथ यांच्या मध्ये एक पट्टा राखायचा आणि त्यात झाडे, विजेचे खांब, बसण्याचे कट्टे, रिक्षा आणि हातगाड्या यांना हक्काची जागा द्यायची, असा तो विचार. वरवर साध्या वाटणाऱ्या या पट्ट्यावर सगळ्या रस्त्याचे आरोग्य अवलंबून असते. हातगाडीला जागा मिळाली नाही तर ती पदपथावर चढते, पायी चालणारा रस्त्यावर उतरतो, वाहनांची वाट अडते, आणि मग रस्ता अपुरा पडतो म्हणून पदपथ कापून तो रुंद करण्याची मागणी सुरू होते. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये आला. या रस्त्यांवर त्यांचा विचार त्याआधीच झाला होता, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

दुर्दैवाने हाच पट्टा आज सर्वाधिक बिघडलेला आहे. पुष्कळ ठिकाणी तेथे दुचाकींच्या दुहेरी रांगा लागतात आणि हातगाड्या पुन्हा पदपथावर आल्या आहेत. एका दुकानांच्या रांगेसमोरचा कडुनिंब मी नेहमी पाहतो : त्याचे आळे बुजवून पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले आहेत, पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचायला जागाच उरलेली नाही, आणि वाढत्या खोडाने ते ब्लॉक वर उचलले गेल्याने चालणाऱ्याला तेथे ठेच लागते. आळ्यासाठी हातभर माती मोकळी सोडली असती तर झाड आणि वाट दोन्ही सुखरूप राहिली असती.

गल्ल्यांच्या तोंडाशी आराखडा संपतो. मुख्य रस्त्यावरचा पदपथ तेथे एकाएकी तुटतो, उतार नसतो, नालीवरचा ढापा कधी फुटलेला तर कधी गायब असतो, आणि गुडघ्याच्या दुखण्याने त्रासलेल्या आजीबाईंना कोणाचा तरी हात धरून खाली उतरावे लागते. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि त्यावरून चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी विनाअडथळा मोकळी असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ती या कोपऱ्यांवर आजही अमलात आणता येतील. त्यातच यात्रेकरूंसोबत लॉज आले, प्रवासी बसगाड्या आल्या, आणि त्यांचा भार सर्वांत अरुंद वाटांवर पडला. ज्या गल्लीत बायका संध्याकाळी ओट्यावर बसत आणि मुले लगोरी खेळत, तेथे आता गाडी मागे घेणाऱ्या चालकाचा हॉर्न ऐकू येतो. मोठ्या जागेची आखणी करताना भोवतालच्या निदान अर्ध्या किलोमीटरमधील प्रत्येक गल्लीचा नकाशा त्याच कागदावर यायला हवा होता, ही माझी या कामाविषयीची मुख्य तक्रार आहे.

मिरवणुकीचे दिवस ही या रस्त्यांची वेगळी कसोटी. हल्लाबोल या शीख मिरवणुकीला किंवा दिवाळीत तख्तस्नानासाठी गोदावरीचे पाणी आणले जाते तेव्हा रस्ता भरून माणसे असतात, आणि त्या वेळी ही रुंदी सार्थकी लागते. उरलेल्या वर्षभर तिचा लाभ पायी चालणाऱ्यालाही मिळावा, यासाठी काढता-घालता येणारे खांब बसवून आणि वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित करून पुष्कळ काही साधता येईल. नवे काम काढण्याची त्यासाठी गरज नाही. आहे त्याची निगा आणि देखरेख पुरेशी आहे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांना सकाळी लवकर रेल्वे स्थानकावरून गुरुद्वाऱ्यापर्यंत आणि पुढे नगीना घाटापर्यंत पायी जावे, असे मी सुचवेन. आराखड्यातील चांगले आणि बिघडलेले असे दोन्ही त्या एका वाटेवर दिसते. तुळजापूर, औंढा नागनाथ आणि परळी येथेही तीर्थक्षेत्र विकासाचे आराखडे पुढे आले आहेत. तेथील रहिवाशांनी हे रस्ते अवश्य पाहावेत आणि आपल्या गावच्या आराखड्यात मंदिराकडे येणाऱ्या गल्ल्या, त्यांतील नाल्या, हातगाड्यांच्या जागा आणि झाडांची आळी दाखवली आहेत की नाही, हे हरकती नोंदवण्याची मुदत संपण्यापूर्वी तपासून घ्यावे.