आयटी, सायबर की काउन्सेलिंग: बारावीनंतर फॉर्म भरण्याआधी हे वाचा

आयटी, सायबर सिक्युरिटी आणि काउन्सेलिंग या तीन कोर्सची तुलना करताना सगळे फी आणि पॅकेज बघतात, पण खरं बघायचं ते हे की तीन वर्षं संपल्यावर त्या कामाला हात घालता येतो का. माझ्या मते आयटीत येतो, सायबरमध्ये थोडाफार येतो, आणि काउन्सेलिंगमध्ये येत नाही, तिथे खरं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं.

आयटी सगळ्यात सरळ. मुंबई विद्यापीठाच्या बीएससी आयटीला बारावीत मॅथ्स लागतं, सायन्सच पाहिजे असं नाही. प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्किंग, लिनक्स असं सगळं थोडंथोडं होतं, त्यामुळे पुढे टेस्टिंग, सपोर्ट, डेव्हलपमेंट कुठेही वळता येतं. बीसीए घेणार असाल तर लक्षात ठेवा, २०२४ पासून त्याला सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे, एमएचटी-सीईटी दिली म्हणजे झालं असं नाही.

सायबरचं आकर्षण सध्या खूप आहे आणि कामही खरंच आहे, २०२२ पासून कंपन्यांना सायबर हल्ला कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं लागतं, म्हणजे कोणीतरी रात्रंदिवस नजर ठेवून बसायलाच हवं. फ्रेशर बहुतेक तिथेच लागतो, एसओसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमवर नजर ठेवणाऱ्या विभागात, अलर्ट बघत, शिफ्टमध्ये, तेव्हा हॅकिंगचे व्हिडिओ बघून ठरवू नका. नेटवर्क कसं चालतं हेच नीट माहीत नसेल तर हल्ला ओळखणार कसा? म्हणून माझं स्पष्ट मत, पदवी आयटीची किंवा कॉम्प्युटरची घ्या, सोबत लिनक्स आणि पायथन पक्कं करा, सीसीएनए (नेटवर्किंगचं) किंवा सिक्युरिटी प्लस (सायबर सुरक्षेचं) सारखं एखादं सर्टिफिकेशन करा आणि मग सायबरमध्ये शिरा. बीटेकला सायबरची ब्रँच मिळत असेल तर हरकत नाही, कारण कॉम्प्युटरचे मूळ विषय त्यातही असतात, पण नुसतं बीएससी सायबर घेताना सिलॅबस मागून घ्या आणि नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टीमला किती जागा आहे ते बघा. फोरेन्सिककडे, म्हणजे गुन्ह्याचे पुरावे शास्त्रीय पद्धतीनं तपासण्याकडे, ओढा असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, मुख्य कॅम्पस गांधीनगरला आणि एक गोव्यातही. आणि हो, प्रॅक्टिस स्वतःच्या लॅबवरच करायची, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये घुसणं आयटी कायद्यानं गुन्हा आहे, कॉलेजचं वायफाय सुद्धा त्यात आलं.

आता काउन्सेलिंग, आणि इथे मला जास्त काळजी वाटते कारण फसगत इथेच जास्त होते. सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून काउन्सेलर व्हा अशा जाहिराती सर्रास असतात. एखादं माणूस मरणाचे विचार घेऊन समोर बसलं तर तेवढ्या तयारीवर काय करणार? बीए सायकॉलॉजी, मग काउन्सेलिंग किंवा क्लिनिकलमध्ये एमए, आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली केसेस, एवढं किमान धरा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात मानसशास्त्र आल्यामुळे यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद केलेत, तेव्हा नोकरी करत घरबसल्या पदवी घेऊ हा विचार असेल तर तो आता सोडा. सुरुवातीचे पैसे आयटीपेक्षा कमीच. पण गरज प्रचंड आहे, शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, २०२२ ला सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, सगळीकडे माणसं हवीत, आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र किंवा ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था यांचं काम बघितलं तर हे क्षेत्र किती मोलाचं आहे ते कळतं.

घरी तीन वर्षांत पगार यायलाच हवा असेल तर आयटी, दुसरा विचारच करू नका. पदवीसोबत आणखी अभ्यास करायची चिकाटी असेल तर आयटीतून सायबर. पाच-सहा वर्षं घरचे सांभाळू शकत असतील आणि माणसांचं ऐकून घ्यायला मनापासून आवडत असेल तर सायकॉलॉजी घ्याच, मार्क चांगले आहेत म्हणून कोणी आयटीकडे ढकललं तरी. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात न थांबता थर्ड इयरच्या पोरांना गाठा, लॅब रोज उघडी असते का, इंटर्नशिप कुठे मिळाली, एमएवाल्यांच्या केसेसवर देखरेख कोण करतं, हे त्यांनाच विचारा.