कंडेन्सर की डायनॅमिक: पंख्याखाली गाणं रेकॉर्ड करायचं तर

घरच्या घरी रेकॉर्डिंग शिकायला घेतलं की इंटरफेसपर्यंतची (म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यापर्यंतची) खरेदी फारसं डोकं न खाता होते. दोन इनपुटचे, सुरुवातीच्या किमतीतले इंटरफेस आता बरेचसे सारखेच चांगले आहेत. रीपर किंवा ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवलं की प्रश्न उरतो माइकचा, म्हणजे कंडेन्सर आणि डायनॅमिक या दोन प्रकारांतल्या निवडीचा, आणि माझ्यासारखे बहुतेक विद्यार्थी तिथेच अडकतात. दुकानात मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने हलणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर पुढे करतात, "स्टुडिओत हाच असतो" म्हणतात, आणि ते खोटं नसतं. कार्यक्रमात गायकासमोर दिसतो तो डायनॅमिक.

मी दोन्ही वापरले आहेत, पुण्यातल्या एका साध्या खोलीत, कॉलेज सांभाळून. गाते माझी ताई. ती ख्याल शिकते, आणि अधूनमधून तिच्या साथीला पेटी-तबला असतो. त्यामुळे हा आढावा मुख्यतः आवाज आणि आपली वाद्यं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी आहे. ड्रम्स किंवा इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचं गणित वेगळं निघू शकेल.

आधी कंडेन्सरच्या बाजूने बोलतो, कारण त्याचा पहिला टेक मी अजून जपून ठेवला आहे. तानपुऱ्याच्या तारेतून जवारी सुटते ना, ती वरची झिलई त्यात जशीच्या तशी येते. ताईच्या आवाजातला आकार उघडतानाचा श्वास, 'स' आणि 'श' मधला फरक, सूर सोडताना येणारी बारीक किनार, सगळं येतं. संवेदनशीलता भरपूर. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या कंडेन्सरचा कागदोपत्री आकडा आहे १ पास्कलला (म्हणजे ठरावीक जोराच्या आवाजाला) १४.१ मिलिव्होल्ट, तर शुअरच्या एसएम५८ या डायनॅमिकचा १.८५. म्हणजे तोच आवाज कंडेन्सरकडून सुमारे साडेसतरा डेसिबल जास्त येतो. इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, फार वर न्यावा लागत नाही, त्यामुळे तो वाढवणाऱ्या प्रीअँपची सळसळ दूर राहते. शांत खोली असेल तर मी यापुढे काही लिहिलंच नसतं.

आमची खोली शांत नाही. त्यातही कुकरच्या शिट्ट्या, खालची स्कूटर, खिडकीतली कबुतरं यांचा मला फारसा त्रास झाला नाही. ते आवाज येतात आणि जातात. तेवढा भाग पुन्हा गायचा. माझा निर्णय ज्याने केला तो छताचा पंखा.

एप्रिल-मे मध्ये खिडक्या लावून, पंखा बंद करून बडा ख्याल गायचा म्हणजे गाणाऱ्याचे हाल. विलंबित रंगायला वेळ लागतो. तोवर ताईचं लक्ष सुरावरून उडून घामाकडे गेलेलं असायचं, आणि ते टेकमध्ये ऐकू यायचं. पंखा चालू ठेवला तर दोन गोष्टी होतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे: घरघर. ती एकसारखी असल्यामुळे ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनने बऱ्यापैकी निघतेसुद्धा. पण ती काढताना सुराची शेपटीही कापली जाते आणि विरत जाणारा सूर पाण्याखालून आल्यासारखा होतो. भावगीताला एखादवेळी चालेल, ख्यालाला नाही.

दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि तीच मला जास्त टोचली. फिरणारी पाती नुसता आवाज करत नाहीत, तर खोलीतला आवाज परतवतातही, आणि प्रत्येक पातं सरकलं की तो परतावा बदलतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल तर सेकंदाला पंधरा वेळा. ताईने षड्ज लावून धरला की कंडेन्सरमध्ये त्यावर बारीक थरथर यायची. मी रेग्युलेटर खाली आणला. घरघर कमी झाली, पण थरथर संथ झाली, सेकंदाला सात-आठवर आली, आणि माणसाच्या गळ्यातला कंपही साधारण त्याच वेगाचा असतो. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणार, सूर हलतोय. स्थिर सूर लावायला वर्षानुवर्षं खर्ज घोटणाऱ्या मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती थरथर ठेवायला माझं मन तयार होईना. शिवाय ती पुसून टाकेल असं कोणतंही प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) माझ्या हाती लागलं नाही.

गोधड्या लावून पाहिल्या. गाणाऱ्याच्या पाठीमागे लावायच्या, कारण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या, माइकचं तोंड तिकडे असतं. भिंतीचा घुमारा त्यांनी छान मारला आणि हा उपाय कोणत्याही माइकसाठी मी सुचवेन. पण छतावर गोधडी कशी लावणार?

एसएम५८ने हा प्रश्न सोडवला. हा १९६६ सालचा माइक, स्टेजसाठी बनवलेला, आणि कागदावर त्याची धाव १५ हजार हर्ट्झला संपते. "डायनॅमिकला आजूबाजूचे आवाज येत नाहीत" असं सर्रास म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. येतात. फरक अंतराचा आहे. कंडेन्सरसमोर आपण सहा-आठ इंचांवर बसतो, कारण त्याहून जवळ गेलं की 'भ' आणि 'फ' चे धक्के पॉप फिल्टरमधूनही (हवेचा झोत अडवणाऱ्या जाळीतूनही) बसतात आणि दातातले वर्ण बोचायला लागतात. एसएम५८ दोन इंचांवरचा आवाज निवांत सोसतो. त्याच्या जाळीतच फोमचा पॉप फिल्टर आहे. सहा इंचांवरून दोन इंचांवर आलं की आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने वाढतो, पंखा मात्र होता तिथेच राहतो. तेवढाच गेन कमी केला की पंखाही तेवढाच मागे सरतो, आणि त्याच्याबरोबर पात्यांवरून परतणारी थरथरही. ताईचा षड्ज पंखा चालू असताना पहिल्यांदा सरळ ऐकू आला तो असा.

याची किंमत मोजावी लागते, आणि ती लपवत नाही. ख्याल गाणारा माणूस हलतो. तान घेताना मान वळते, समेला शरीर पुढे येतं. दोन इंचांचे सहा झाले की तेच साडेनऊ डेसिबल उलटे जातात आणि गाणारा लांब गेल्यासारखा आवाज मागे पडतो. कंप्रेसरने (आवाजाचे चढउतार कमी करणाऱ्या सोयीने) थोडं सावरतं, पूर्ण नाही. आम्ही तीन-चार इंचांवर तडजोड केली आणि ताईने अंतर राखायची सवय लावून घेतली, जी तिला कार्यक्रमातही उपयोगी पडते आहे. जवळ गेल्याने खर्जात फुगवटा येतो. बायकांच्या आवाजाला १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की तो बसतो. गेनही बराच वर न्यावा लागतो. अगदी स्वस्त इंटरफेसवर तिथे सळसळ ऐकू येईल, तेव्हा डायनॅमिक घेणार असाल तर इंटरफेसमध्ये काटकसर नको. पॉडकास्टवाल्यांचा लाडका एसएम७बी तर आणखी मंद आहे, त्याला ६० डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन लागतो. विद्यार्थ्याने पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

वाद्यांचं म्हणाल तर तानपुऱ्याला आणि सतारीला कंडेन्सरच, तिथे दुमत नाही. डायनॅमिकमध्ये जवारी अर्धी होते. पेटीला मात्र मला डायनॅमिक बरा वाटला. कंडेन्सर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट इतकी पकडतो की सुरांपेक्षा तीच पुढे येते. तबल्याला चाटीचा कडकपणा कंडेन्सर छान देतो, डग्ग्याचा घुमारा दोन्हींत येतो. टाळ-झांज असेल तर कंडेन्सर दूर ठेवा, कानात घुसते.

पावसाळ्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. कंडेन्सरच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाला, दमटपणा मानवत नाही. जुलैत माझ्याकडच्या माइकमध्ये मधूनच चटचट यायची, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवल्यावर ती गेली. हे पुण्यात. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हा डबा माइकबरोबरच विकत घ्या. डायनॅमिक बारा महिने स्टँडवर असतो, मी त्यावर फक्त रुमाल टाकतो.

तर कोणी काय घ्यावं? तळमजल्यावर मागच्या बाजूला शांत खोली असेल, एसी असेल किंवा तुम्ही रात्री उशिरा काम करू शकत असाल, आणि तंतुवाद्य किंवा हळू आवाजातलं कथावाचन करायचं असेल, तर कंडेन्सर घ्या. त्याच्यासारखा तपशील डायनॅमिक देणार नाही. पण खोली पंख्याची असेल आणि मुख्य काम गळ्याचं असेल, तर मी आधी डायनॅमिक घेईन. शिकताना टेक जितके जास्त तितका कान तयार होतो, आणि आमच्याकडे डायनॅमिक आल्यापासून रेकॉर्डिंग कोणत्याही दुपारी होतं. कंडेन्सर मी विकलेला नाही. थंडीत पंखे बंद असतात तेव्हा तानपुऱ्यासाठी तो बाहेर निघतो.

खरेदीला जाताना एक लक्षात असू द्या: एसएम५८च्या नकला बाजारात बऱ्याच आहेत आणि जाळीवरून त्या ओळखू येत नाहीत. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, आणि उरलेल्या पैशांत वजनदार बुडाचा स्टँड घ्या. हलका स्टँड पेटीवाल्याच्या गुडघ्याने कलंडतो.