अकरावीच्या गणिताचे नियोजन : पुस्तकाचा क्रम की फलनांपासून सुरुवात, सलग गृहपाठ की मिश्र?

अमेरिकेतील शाळांमध्ये ज्या विषयाला प्रीकॅल्क्युलस म्हणतात, त्याचा बहुतेक भाग आपल्याकडे अकरावी विज्ञान शाखेच्या गणितात येतो आणि वर्ष संपता संपता लिमिट व डिफरन्सिएशन यांचीही तोंडओळख होते. दहावी आणि बारावी या दोन बोर्डांच्या मध्ये अडकलेल्या या वर्षाची परीक्षा महाविद्यालयच घेते. त्यामुळे नियोजनाची जेवढी मोकळीक येथे मिळते तेवढी बारावीच्या शिक्षकाला कधी मिळत नाही. मात्र त्याच कारणाने हे वर्ष हलक्यावारी घेतले जाते. वार्षिक नियोजन भरून देताना शिक्षकाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : प्रकरणे कोणत्या क्रमाने घ्यायची आणि गृहपाठ कसा द्यायचा. बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर बराच वेळ घालवतात आणि दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरतात. मला अनुभवाने याच्या उलट करावेसे वाटू लागले आहे. तरीही नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला निवड करता यावी म्हणून दोन्ही प्रश्नांचे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

क्रमाचा प्रश्न

बालभारतीने २०१९ साली आणलेल्या पुस्तकाचे दोन भाग आहेत आणि प्रत्येकात नऊ प्रकरणे आहेत. पहिला भाग कोन व त्याचे मापन येथून सुरू होतो आणि त्रिकोणमितीची दोन प्रकरणे, निश्चयक व मॅट्रिक्स, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद असे करत विचलनाची परिमाणे आणि संभाव्यता येथे संपतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला संमिश्र संख्या आहेत. श्रेढी, क्रमचय-संचय, गणिती विगमन व द्विपद प्रमेय यांच्यानंतर संच व संबंध, मग फलने (फंक्शन), आणि अगदी शेवटी लिमिट, कंटिन्यूइटी व डिफरन्सिएशन. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत एक शिक्षक पहिला भाग आणि दुसरा शिक्षक दुसरा भाग घेतो, व दोन्ही भाग जूनपासून समांतर चालतात.

या क्रमाची पहिली बाजू भाषेची आहे आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावीत येतो तेव्हा गणित एका रात्रीत इंग्रजी झालेले असते. साइन, कोसाइन, थीटा ही चिन्हे मात्र त्याने दहावीच्या भाग दोनमध्ये पाहिलेली असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फळ्यावर निदान ओळखीचे काही तरी दिसते. फलनांपासून सुरुवात केली, तर डोमेन, को-डोमेन, रेंज, वन-वन, ऑन्टू असा शब्दांचा मारा पहिल्याच तासिकांत होतो आणि मुलाला गणित अवघड वाटते आहे की इंग्रजी, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. दुसरी बाजू उशिरा प्रवेश घेणाऱ्यांची. प्रवेशफेऱ्या लांबल्या की ऑगस्टमध्येही नवी मुले वर्गात येतात. त्यांचे अंश-रेडियनचे रूपांतर बुडाले असेल, तर ते एका तासिकेत भरून निघते. फलन ही संकल्पना बुडाली, तर ती एका तासिकेत भरून निघत नाही. एका वर्षी मी मोठ्या उत्साहाने संच व फलने आधी घेतली. ऑगस्टच्या मध्यावर वर्गात इतके नवे चेहरे दिसू लागले की सगळे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागले, आणि आधीपासून बसणारी मुले कंटाळून मागच्या बाकावर सीईटीचे प्रश्नसंच सोडवू लागली. ती चूक माझ्या नियोजनाची होती.

असे असूनही फलनांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे नुसते पुस्तकी नाही. सर्वांत भक्कम कारण कॅलेंडरमध्ये आहे. फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली की महाविद्यालय केंद्र बनते, वर्गखोल्या जातात, शिक्षक पर्यवेक्षणाला जातात आणि अकरावीचे वर्ग विस्कळीत होतात. समांतर पद्धतीत नेमकी याच काळात दुसऱ्या भागाची शेवटची तीन प्रकरणे उभी असतात. बारावीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात डिफरन्सिएशनने होते आणि पुढे विकलजांचे (डेरिव्हेटिव्हचे) उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल समीकरणे हे सगळे त्यावरच रचलेले आहे. वर्षातील ज्या प्रकरणांवर पुढचे सर्वाधिक काम उभे राहणार आहे, तीच सर्वांत घाईत उरकली जातात. त्याउलट शंकुच्छेद किंवा विचलनाची परिमाणे शेवटी ढकलली, तरी बारावीच्या गणिताचे फारसे अडत नाही. जेईईची तयारी करणाऱ्या मुलांसाठी शंकुच्छेद महत्त्वाचे आहेत. पण ती मुले ते प्रकरण बहुधा क्लासमध्ये आधीच करत असतात.

दुसरे कारण शेजारच्या वर्गात सापडते. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिशांबरोबर डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशनची ओळख आहे आणि लगेच पुढे प्रतलातील गती येते. म्हणजे भौतिकशास्त्राचे शिक्षक पहिल्या सत्राच्या आरंभीच विकलज वापरू लागतात, आणि गणिताच्या वर्गात त्याचे नाव निघायला वर्षाचा शेवट उजाडतो. या सहा-सात महिन्यांत मुले 'घातांक खाली आणा, एक वजा करा' एवढा मंत्र पाठ करून बसतात, आणि मग लिमिट शिकवताना त्यांचा चेहरा 'हे कशाला, उत्तर तर येतंच की' असा असतो.

अमेरिकेत २०२३-२४ पासून सुरू झालेल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा) प्रीकॅल्क्युलस या अभ्यासक्रमाचा क्रम येथे पाहण्यासारखा आहे. त्यात बहुपदी व परिमेय फलने आधी येतात, मग घातांकी व लॉगॅरिदमिक फलने, आणि त्यानंतर त्रिकोणमितीय व ध्रुवीय फलने. त्रिकोणमिती हा तेथे फलनाचाच एक प्रकार म्हणून येतो, तर आपल्याकडे ती त्रिकोणाकडून येते आणि फलन तिला मागाहून भेटते. आपल्या मुलांना दहावीत उंची व अंतराच्या उदाहरणांची सवय झालेली असल्यामुळे तो क्रम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही, हे मात्र खरे.

माझे मत असे, की दोन्ही भाग एकाच शिक्षकाकडे असतील आणि प्रवेश वेळेत पूर्ण झाले असतील, तरच क्रम मोठ्या प्रमाणावर बदलावा. तेव्हाही पहिले दोन आठवडे कोनमापनाचेच ठेवावेत, त्यानंतर संच व फलने घ्यावीत, मग त्रिकोणमिती, आणि द्विपद प्रमेय आटोपून लिमिट दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करावे. त्रिकोणमितीची दोन्ही प्रकरणे लिमिटच्या आधी व्हायलाच हवीत, कारण थीटा शून्याकडे जाताना साइन थीटा भागिले थीटा हे लिमिट त्यांच्याशिवाय अधांतरी राहते. भाग वाटून दिलेले असतील, तर दुसऱ्या भागाच्या शिक्षकाने आपल्याच नऊ प्रकरणांत संच व फलने वर आणावीत. तेवढ्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

गृहपाठाचा प्रश्न

गृहपाठाची रूढ, म्हणजे सलग, पद्धत सर्वांना ठाऊक आहे. प्रकरण शिकवून झाले की त्याचा स्वाध्याय द्यायचा, पुढच्या आठवड्यात वह्या गोळा करायच्या आणि सही करून परत द्यायच्या. तिचा फायदा नाकारता येत नाही. नवी कृती हाताखालून जाण्यासाठी एकाच जातीची पाच-सहा उदाहरणे ओळीने सोडवावीच लागतात. शिवाय पालकांना आणि प्राचार्यांना दाखवायला भरलेल्या वह्या असतात. तोटा असा, की स्वाध्यायाच्या डोक्यावरचे शीर्षकच अर्धे उत्तर सांगून टाकते. संयुक्त कोनांच्या स्वाध्यायातील प्रत्येक उदाहरणाला संयुक्त कोनाचे सूत्र लागणार, हे मुलाला प्रश्न वाचण्यापूर्वीच कळलेले असते. त्याने फक्त अंक घालायचे उरतात. आणि पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणाचे उत्तर डायजेस्टमध्ये छापलेले असल्याने बऱ्याच वह्यांत तेवढेही होत नाही. एकाच ओळीतली चूक पंधरा वह्यांत त्याच जागी सापडली, की कोणाच्या वहीवरून कोणत्या बसमध्ये उतरवले गेले याचा नकाशा काढता येतो.

मिश्र गृहपाठात आजच्या घटकाची थोडी उदाहरणे असतात, मागच्या दोन-तीन आठवड्यांतील काही आणि एक-दोन त्याहूनही जुनी. संयुक्त कोनांच्या आठवड्यातील माझी एक आठ उदाहरणांची पत्रिका सांगतो. पहिल्या तिनांत साइन ७५ अंश, कोसाइन १५ अंश आणि टॅन १०५ अंश यांच्या किमती काढायच्या होत्या. चौथ्यात १०५ अंशांचे रेडियन करायचे होते, म्हणजे पाय गुणिले ७ भागिले १२. पाचव्यात साइन थीटा ३/५ आणि थीटा दुसऱ्या चरणात दिला होता, आणि कोसाइन विचारला होता. सहाव्यात 'साइन ३० अंश अधिक साइन ६० अंश बरोबर साइन ९० अंश, हे खरे की खोटे?' असा प्रश्न होता. उरलेली दोन दहावीची होती : दोन बिंदूंवरून रेषेचा चढ आणि एका अंकगणिती श्रेढीचे विसावे पद.

पाचव्या प्रश्नाला वर्गातील मोठ्या गटाने ४/५ हे उत्तर दिले, उणे चिन्ह विसरून. दहावीत सगळे कोन लघुकोन असल्याची ती सवय आहे. चरणांचा स्वाध्याय देताना त्याच मुलांनी हाच प्रकार बिनचूक सोडवला होता, कारण तेथे शीर्षकातच 'चरण' हा शब्द होता. सहाव्या प्रश्नाने तर वेगळेच उघड केले. डावी बाजू सुमारे १.३६६ येते आणि उजवी १, हे आकडे घालून पाहण्याऐवजी अनेकांनी 'खरे' लिहिले. हीच चूक आठवीत कंसाच्या वर्गात होते, अकरावीत लॉगच्या बेरजेत होते, आणि एक्सचा वर्ग या फलनात एक्सच्या जागी (एक्स अधिक एच) घालताना मुलगा एक्सचा वर्ग अधिक एच लिहितो तेव्हाही तीच असते. चार प्रकरणांत चार वेगळ्या चुका दिसतात असे शिक्षकाला वाटते, कारण तो त्या चार वेगळ्या महिन्यांत पाहतो. त्या एकाच पत्रिकेवर आल्या, की हा एकच रोग आहे हे मुलालाही कळते.

या पद्धतीच्या बाजूने चांगला पुरावाही आहे. संशोधक डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. काही महिने निम्म्या वर्गांनी मिश्र सराव केला, निम्म्यांनी बहुतांशी सलग. नंतर महिन्याभराने पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत मिश्र सरावाच्या वर्गांना सरासरी ६१ टक्के आणि सलग सरावाच्या वर्गांना ३८ टक्के गुण मिळाले. ती सातवीची मुले होती, हे विसरू नये. तरीही फरक लहान नाही. आपल्या मुलांना ज्या परीक्षेला बसायचे असते, तिची मांडणीही अशीच मिसळलेली असते : एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या ९० मिनिटांत प्रत्येकी २ गुणांचे ५० प्रश्न असतात, अकरावीचा भारांश सुमारे २० टक्के, आणि कोणता प्रश्न कोणत्या प्रकरणाचा हे कोणी सांगत नाही.

मिश्र गृहपाठाची किंमत मात्र शिक्षकाने आधी मोजून घ्यावी. पत्रिका तयार करायला दर आठवड्याला तासभर तरी जातो. आठ मिश्र उदाहरणांना मुलांचा वेळ दहा सलग उदाहरणांपेक्षा जास्त लागतो आणि पहिले दोन महिने तक्रारी येत राहतात. 'सर, हे कुठल्या चॅप्टरचं आहे?' हा प्रश्न तर दर सोमवारी ठरलेला. त्याचे उत्तर देऊ नये, कारण ते शोधणे हाच त्या गृहपाठाचा निम्मा भाग आहे. घटक चाचणीत सुरुवातीला गुण वाढलेले दिसतीलच असे नाही. एका प्रकरणावरच्या चाचणीसाठी सलग सराव पुरेसा ठरतो आणि फरक सत्र परीक्षेच्या सुमारास दिसू लागतो; तोवर विभागप्रमुखांना धीर धरायला सांगावे लागते.

तपासणीचा हिशेबही वेगळा आहे. शंभर मुलांची तुकडी धरली आणि एका वहीला दोनच मिनिटे दिली, तरी तीन तास वीस मिनिटे होतात, आणि दोन मिनिटांत सहीपलीकडे काही होत नाही. मिश्र पत्रिकेत मी आठांपैकी एकच उदाहरण तपासतो आणि ते कोणते हे आधी सांगत नाही. उरलेल्यांची उत्तरे फळ्यावर लिहितो आणि मुले आपापली खूण करतात. मोकळ्या झालेल्या वेळात चुकांची यादी करता येते, आणि तीच पुढच्या पत्रिकेचा कच्चा माल होते.

ज्यांना यंदा एकच बदल झेपणार आहे, त्यांनी क्रम पुस्तकाचाच ठेवावा आणि गृहपाठ बदलावा. त्यासाठी सहकाऱ्याशी प्रकरणे अदलाबदल करावी लागत नाहीत आणि उशिरा आलेल्या मुलाला वाटेतच जुन्या घटकांची उजळणी मिळते. एवढेही जड जात असेल, तर स्वाध्यायच द्यावा, पण त्यातील निम्मी उदाहरणे लगेच आणि उरलेली तीन आठवड्यांनी, प्रकरणाचे नाव न सांगता द्यावीत. यासाठी एकही नवे उदाहरण रचावे लागत नाही. फक्त अंक बदलावेत, नाहीतर डायजेस्टचे पान तेवढ्यात उघडले जाते. पाचवे उदाहरण मी त्या वर्षी चरण बदलून दिवाळीनंतर पुन्हा घातले आणि जानेवारीत तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी उणे चिन्ह विसरणाऱ्यांच्या वह्या एका हातात मावल्या.