अँकरची सहापदरी लच्छी: आधी डबा उघडा, मग बोहरी आळीत जा

भरतकाम पुन्हा हातात घ्यायचं ठरलं की पहिला मोह नव्या किटचा होतो. तो आवरावा. ज्या घरात पूर्वी भरतकाम झालंय, तिथल्या डब्यात अँकर या कंपनीच्या भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या लच्छ्या बहुधा सापडतात, आणि ऊन-ओल लागली नसेल तर हा दोरा वर्षानुवर्षं कामाचा राहतो. म्हणून इथे नव्या लच्छीइतकंच जुनीबद्दलही लिहिलंय.

लच्छी 8 मीटरची, सहा पदरांची, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकाकी आणलेल्या) सुताची. 14 काउंटच्या मॅटीवर, म्हणजे इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर, क्रॉस स्टिचला दोन पदर लागतात. त्यामुळे एका लच्छीतून 24 मीटर दोरा हाती येतो. मागची बाजू धरून एका फुलीला साधारण 9 मिलिमीटर जातात. टोकं, तुकडे, उसवण यांची गळती सोडून लच्छीमागे 1800 फुल्या धराव्यात. 11 काउंटवर तीन पदर घ्या, नाहीतर मधून कापड डोकावतं.

जुनी लच्छी वापरण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. पहिली ताकदीची. एक पदर वेगळा काढून दोन्ही हातांनी झटका द्या. नुसत्या झटक्याने तुटला तर दोरा कुजलाय. पण लगेच पूर्ण लच्छी टाकू नका. उजेड बाहेरच्या वेढ्यांनाच जास्त लागतो, आतला दोरा अनेकदा धडधाकट निघतो. दुसरी चाचणी रंगाची. दोरा ओला करून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवा आणि वरून इस्त्री फिरवा. लाल, मरून आणि गडद निळा हे नेहमीचे संशयित. डाग उमटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत लच्छी गार पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. एवढं करूनही रंग जात असेल तर ती लच्छी पांढऱ्या टेबलक्लॉथसाठी नाहीच.

अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करताना खरी अडचण येते ती इथे: रंगाचा क्रमांक तोच असला तरी जुन्या आणि नव्या घाण्याच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्याच्या, रंगात फरक असू शकतो, आणि सलग पार्श्वभूमीत तो पट्ट्यासारखा उठून दिसतो. अशा वेळी सुईत एक पदर जुना आणि एक नवा ओवावा. दोन-तीन ओळी तसं भरलं की सांधा मिसळून जातो. हीच युक्ती उरलेल्या तुकड्यांनाही लागू होते. दोन जवळच्या हिरव्यांचा एकेक पदर एकत्र केला तर पानाला जी छटा येते, ती कुठल्याच एका क्रमांकात मिळत नाही. डब्यातला साठा संपवायचा याहून सुंदर मार्ग नाही!

पदर सुटे करताना एका वेळी एकच, सरळ वर ओढावा. दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. सुरुवातीला गाठ नको. 90 सेंटिमीटरचा एक पदर दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा आणि पहिल्या टाक्यानंतर मागच्या फासातून सुई काढा. दुमडलेल्या पदराची ही सोय दोन-चार अशा सम पदरांच्या कामालाच जमते, तीन पदरांना नाही.

आता खरेदी. फक्त उणीव भरून काढायला जावं. पुण्यात मंडई मेट्रो स्थानकावरून तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी दोन्ही पायी गाठता येतात. गाडी नेऊ नये, गल्ल्या अरुंद आहेत. दिवसाउजेडी जा, जुन्या दोऱ्याचा तुकडा सोबत ठेवा आणि रंग दुकानाच्या दारात येऊन जुळवा, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि निळा यांची सहज गल्लत होते. परदेशी नमुन्यांत बऱ्याचदा डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या दोऱ्याचे क्रमांक असतात. काळ्याला काळा जुळतो (डीएमसी 310, अँकर 403), पण बाकी रंगांसाठी क्रमांक जुळवणारे तक्ते जवळचा रंग सांगतात, तंतोतंत नव्हे. त्वचेच्या आणि राखाडी छटांना तक्त्यावर विसंबू नका.

रेशीम म्हणून मिळणारा चकचकीत बिननावाचा दोरा बहुधा रेयॉनचा असतो. तो घसरतो, विसविशीत होतो आणि ओला झाल्यावर कमजोर पडतो. भिंतीवरच्या चौकटीला चालेल, उशीच्या अभ्र्याला नाही.

सुया मात्र नव्याच घ्या, गंजलेली सुई कापडावर डाग सोडते. मॅटीला बोथट टोकाची 24 नंबरची टॅपेस्ट्री सुई, पॉपलिनला टोकदार. मॅटी घेताना घरांना काउंटने भागा: 140 घरांचा नमुना 14 काउंटवर 10 इंच होतो. त्यात चारही बाजूंना 3 इंच सोडले की 16 इंच कापड लागेल.

वीतभरही न उरलेले तुकडे फ्रेंच नॉटला (गाठीच्या टाक्याला) किंवा जुन्या सुती साडीवरच्या कांथ्याच्या धावदोऱ्याला लागतात.

लच्छीवरची कागदी पट्टी गळून पडते आणि तिच्याबरोबर क्रमांकही जातो. तेव्हा घरी आल्या आल्या दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि क्रमांक पेन्सिलीने लिहा, कारण शाईचा डाग दोऱ्यावर उतरू शकतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.