१४ महिने छान चालला, डब्याने घात केला

चार्जिंग संपलं असेल, असंच आधी वाटलं. पंचवटी एक्स्प्रेसने इगतपुरी सोडल्यावर ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, बाहेर काढला, तर पडद्यावर लॉकस्क्रीनच्या चित्रातल्या पेन्सिली तशाच आणि त्यांच्यावर आडव्या-उभ्या रेघा. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळीही पेन्सिली जागच्या जागी. या पडद्याला चित्र बदलायलाच वीज लागते, टिकवायला नाही. त्यामुळे मेलेला पडदाही जिवंत वाटतो.

बटण चाळीस सेकंद दाबून रीस्टार्ट केला. दिवा लागला. लॅपटॉपला जोडल्यावर पुस्तकांचं फोल्डरही मुकाट उघडलं. म्हणजे बोर्ड, बॅटरी ठीक. पान उलटायला टिचकी मारली की खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागा काळी-पांढरी लुकलुकून नव्या पानाच्या अडीच ओळी दाखवायची. बाकी पेन्सिली.

वरून बोट फिरवलं तर ओरखडाही नाही. कस्टमर केअरशी मी यावरूनच भांडलो, ‘पडलाच नाही तर फुटेल कसा?’ वॉरंटी वर्षाची, माझे १४ महिने झालेले. दुरुस्ती करतच नाही, नव्यावर सवलत देतो म्हणाले. एक पडदा गेला म्हणून अख्खं यंत्र टाकायचं?

महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलवाल्याने झाकण उघडलं, पडद्याची केबल काढून पुन्हा बसवली. फरक शून्य. मग रेघांवर बोट ठेवलं. सगळ्या एकाच ठिपक्यापासून निघालेल्या. ‘काका, बॅगेत डबा असतो का?’

असतो. स्टीलचा, कडीचा. कडी बरोबर त्या ठिपक्यावर.

वरचा थर प्लॅस्टिकचा, तो दबतो. त्याच्याखाली काच, चित्र उमटवणाऱ्या बारीक ट्रान्झिस्टरची जाळी तिच्यावरच. तडा तिथे जातो, वरून दिसत नाही. तेव्हा कंपनीला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मागे घेतो. उरलेल्या राहू देत. बॅटरी तीन आठवडे टिकते, भर उन्हात गच्चीवर वाचता येतं, मान्य. पण बॅगेत टाकून न्यायच्या वस्तूत काच घालता, तर खोक्यावर ठळक लिहा की! बांगड्यासुद्धा कागदात गुंडाळून देतात.

मोबाइलवाल्याने पडदा मागवलाय, ४,२०० रुपये. कव्हर ९०० ला आहे, ते मी तेव्हाही घेतलं नव्हतं. सध्या वहीचे दोन जाड पुठ्ठे कापून ठेवलेत, रबर बायकोच्या डब्यातलं.